शांत बसा, कृतियुक्त शिक्षण चालू आहे

तालुक्याच्या गावी शिक्षक प्रशिक्षण सकाळी साडेदहाला असतं आणि सव्वाअकराला सुरू होतं. दीपप्रज्वलन होतं, स्वागत होतं, येऊ न शकलेल्या साहेबांच्या शुभेच्छा वाचल्या जातात, आलेल्या साहेबांना दुसऱ्या बैठकीला जायचं असल्यामुळे त्यांचं मनोगत आधी उरकून घेतलं जातं. मग तज्ज्ञ मार्गदर्शक माइक हातात घेतात, त्यावर दोनदा टिचकी मारतात आणि समोरच्या ऐंशी शिक्षकांना सांगतात की मूल नुसतं बसून, ऐकून शिकत नाही. ऐंशी शिक्षक बसून ऐकतात. मुलांना बोलू द्या, शंका विचारू द्या, असं मार्गदर्शक सांगत असताना मागच्या रांगेतल्या दोन बाई आपसात काहीतरी बोलतात, तेव्हा 'मागे जरा शांतता ठेवा, महत्त्वाचा मुद्दा चालू आहे' अशी सूचना होते. व्याख्यान पद्धतीचे तोटे एकूण नऊ असतात आणि ते पडद्यावर एकेक करून उतरतात. शिक्षक ते वहीत लिहून घेतात. आठवा तोटा 'श्रोत्यांना कंटाळा येतो' हा असतो. अख्ख्या दिवसात शिक्षक स्वानुभवातून शिकतात असा हा एकच मुद्दा.

हसण्यासारखं असलं तरी पद्धतीला हसण्याचं कारण नाही. पद्धत चांगली आहे आणि तसा पुरावाही आहे. अमेरिकेत स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवर झालेले 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत साधारण 34 टक्के विद्यार्थी नापास होत होते. जिथे विद्यार्थ्यांना मध्येमध्ये प्रश्न सोडवायला, एकमेकांशी वाद घालायला, काहीतरी करायला लावलं जात होतं तिथे हे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास होतं. ती कॉलेजातली पोरं, आपली चौथीतली, हा फरक मान्य. पण आपल्याकडे हा विचार अमेरिकेहून यायची वाट कुणी पाहिलीच नव्हती. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हाताला काम देत शिकवण्याची नई तालीम मांडली. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हटल्यावर शाळा कुरणात गेली. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं हे मान्य केलं आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात कृतीतून, शोधातून, मुलाच्या कलाने शिक्षण व्हावं असं थेट लिहून ठेवलं. त्याच कायद्याचं 24 वं कलम शिक्षकाला सांगतं की अख्खा अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण झालाच पाहिजे. शोध घ्या, पण मार्चच्या आत लावा. तेव्हा तत्त्वाचा वाद कधीच मिटलेला आहे. माझं म्हणणं एवढंच की ही पद्धत आपण शिक्षकांना तिच्या नेमक्या उलट पद्धतीने शिकवतो आणि म्हणून वर्गापर्यंत पोहोचतं ते तिचं सोंग. शिक्षक बिचारा आळशी किंवा जुनाट आहे म्हणून असं होत नाही. त्याला जे दिलं तेच तो पुढे देतो.

प्रशिक्षणातल्या पुराव्याची तऱ्हाही पाहण्यासारखी असते. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी पडद्यावर एक रंगीत पिरॅमिड येतो. वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30, पाहिलेलं आणि ऐकलेलं 50, स्वतः बोललेलं 70 आणि स्वतः केलेलं 90 टक्के. हा पिरॅमिड पाहिला नाही असा शिक्षक महाराष्ट्रात सापडणं कठीण. त्याखाली बहुधा एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी 1946 च्या आपल्या पुस्तकात अनुभवांचा एक शंकू काढला होता हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली. अमेरिकेतल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या नावावर असलाच पिरॅमिड खपतो. त्यांच्याकडे विचारणा झाली तेव्हा मूळ संशोधन आता आपल्यापाशी नाही असं उत्तर मिळालं. फाइल गहाळ झाल्याचं हे उत्तर आपल्याला अनोळखी नसल्यामुळे आपण ते मोठ्या मनाने स्वीकारलं असावं. माणसाची स्मरणशक्ती नेहमी दहाच्या पटीत काम करते आणि एकदाही 37 टक्के येत नाही, याची शंका गणिताच्या एखाद्या शिक्षकाने विचारायला हवी होती. पण शंका विचारायची वेळ शेवटच्या पाच मिनिटांत असते आणि ती पाच मिनिटं आभारप्रदर्शनात जातात. स्वतः पडताळा, दिलेलं तसंच्या तसं स्वीकारू नका, हे सांगणाऱ्या प्रशिक्षणाचा मुख्य आकडा ऐंशी जण न पडताळता उतरवून घेतात आणि पुढच्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत तो दुसऱ्यांना सांगतात.

याचं मूळ नोकरीच्याही आधी, डी.एड. आणि बी.एड.च्या सराव पाठांत आहे. पाठ टाचणाच्या तक्त्यात दोन रकाने शेजारीशेजारी असतात, एक शिक्षक कृतीचा आणि एक विद्यार्थी कृतीचा. पहिल्या रकान्यात भावी शिक्षक बरंच काही करतो. प्रस्तावना करतो, चित्र दाखवतो, स्पष्टीकरण देतो, फलक लेखन करतो. दुसऱ्या रकान्यात विद्यार्थ्यांच्या कृती असतात. विद्यार्थी ऐकतात. विद्यार्थी पाहतात. विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात. विद्यार्थी वहीत लिहून घेतात. पान संपेपर्यंत विद्यार्थी इतके ऐकतात की शेवटी विविधतेसाठी 'विद्यार्थी समजून घेतात' असंही लिहिलं जातं. ते कसं समजून घेतात, हे पाठ सुरू होण्याच्या आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. प्रश्नापुढे अपेक्षित उत्तरही छापल्यासारखं लिहिलेलं असतं आणि एखाद्या पोराने अपेक्षित नसलेलं, पण बरोबर उत्तर दिलं की भावी शिक्षकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो, कारण निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले असतात आणि त्यांच्यासमोरच्या टाचणात हे उत्तर नसतं. 'छान, अजून कोणी सांगेल?' असं म्हणून टाचणातलं उत्तर येईपर्यंत वर्ग पुढे सरकत नाही. जो माणूस अशा वर्गातून शिक्षक म्हणून बाहेर पडतो, त्याला वीस वर्षांनी तीन दिवसांच्या शिबिरात 'मुलांच्या अनपेक्षित उत्तरांचं स्वागत करा' असं सांगितलं जातं. तोही ते लक्षपूर्वक ऐकतो.

सोंग तयार कसं होतं याचं एक उदाहरण मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, अगदी पायाखालीच आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत मुलं खरोखर गटागटाने, आपापल्या गतीने, हाताने वस्तू हाताळत शिकू लागली आणि साधारण 2012 नंतर त्याचा बोलबाला झाला. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला जाऊ लागल्या. तिथल्या कामाचं श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. ते शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहत, चुकत, बदलत उभं केलेलं काम होतं. पण पाहायला गेलेल्या माणसाला दिवसभरात काय दिसणार? मूल विचार करताना दिसत नाही. बाईंनी कुठला प्रश्न विचारायचा टाळला, हे दिसत नाही. दिसते ती फरशी. फरशीवर रंगवलेले चौकोन, संख्यापट्ट्या, अक्षरांची वर्तुळं. त्याचे फोटो निघाले, फोटो पसरले आणि 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आल्यावर तर गावोगावी लोकसहभागातून ऑइलपेंटचे डबे आले. ज्ञानरचना झाली, पण ती पेंटरची. नवीन रंगवलेल्या फरशीवर मुलांनी चपला घालून जायचं नाही, पाणी सांडायचं नाही आणि साहेब येईपर्यंत शक्यतो बसायचंच नाही, असेही नियम काही ठिकाणी झाले. शैक्षणिक साहित्याच्या पेट्यांचं तेच. कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या यांवर काम भागत होतं, कारण हरवलं तर दुसरं उचलून आणता येत होतं. आता पेटी येते ती जडवस्तू नोंदवहीत चढून येते. पुढच्या तपासणीत मणी मोजले जाणार आणि दोन कमी भरले तर खुलासा द्यावा लागणार, हे ज्याला ठाऊक आहे तो मुख्याध्यापक पेटी कपाटात ठेवतो, कपाटाला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घालतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मण्यांचा हिशेब द्यावा लागतो. गणित न आलेल्या पोराचा हिशेब कुणी मागत नाही.

मूल्यमापनातही हाच खेळ झाला. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने परीक्षेचा बागुलबुवा काढला आणि शिक्षकाला सांगितलं की निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशा कितीतरी मार्गांनी मुलाला जाणून घे आणि त्याच्याबद्दल वर्णनात्मक नोंद कर. कल्पना उत्तम. पण एकेका मुलाबद्दल विषयवार काय लिहायचं हे सरावातून कुणी शिकवलं नाही. शिकवलं ते रकाने भरायला. मग वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या, त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरल्या आणि एका जिल्ह्यातला गणेश आणि दुसऱ्या जिल्ह्यातली सानिया हे दोघंही 'परिसरातील घटकांचे बारकाईने निरीक्षण' करू लागले. हरियाणात या मूल्यमापन योजनेची शेकडो सरकारी शाळांत शास्त्रशुद्ध तुलना झाली, तेव्हा तिच्यामुळे मुलांच्या गुणांत काही फरक पडल्याचं दिसलं नाही. मात्र त्याच राज्यात रोज एक तास मुलांचे इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवलं, तिथे हिंदी वाचन सुधारलं. या दुसऱ्या कार्यक्रमात एक गोष्ट वेगळी होती. ज्या पर्यवेक्षकांनी शिक्षकांना मार्गदर्शन करायचं, त्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांसमोर उभं राहून हीच पद्धत शिकवून पाहिली होती. फॉर्म कसा भरायचा हे ठाऊक असलेला साहेब आणि तिसऱ्या दिवशी वर्ग हाताबाहेर गेल्यावर काय करायचं हे ठाऊक असलेला साहेब, यांत शिक्षकाला बरोबर फरक कळतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. कृती, कृती म्हणून जे चालतं त्यात मुलं नुसती चिकटपट्टी लावत बसतात, शिकत काहीच नाहीत, असं पुष्कळ पालक आणि पुष्कळ जुने शिक्षक म्हणतात. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन संशोधकांनीही 2006 मध्ये एका गाजलेल्या लेखात म्हटलं की नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन न करता 'तूच शोध' म्हणून सोडून दिलं तर तो शोधत नाही, गोंधळतो. बरोबर आहे. हात हलले म्हणजे डोकं हललं असं नव्हे. आपल्याकडे प्रकल्प नावाची जी चीज आहे ती याचा चालताबोलता दाखला. 'पाण्याचे महत्त्व' हा प्रकल्प मुलाला सोमवारी मिळतो, आईला रविवारी रात्री साडेनऊला कळतो आणि वडिलांच्या हातून बारा वाजता पूर्ण होतो. चित्रांचे तक्ते कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. दुकानदाराला सातवीचा अभ्यासक्रम शिक्षकांच्या तोडीचा ठाऊक असतो, कारण कुठल्या आठवड्यात कुठला तक्ता संपतो हे त्याला माहीत असतं. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा पर्यावरणावरच्या प्रकल्पांची मोठी पंचाईत झाली. यात कृती भरपूर आहे, फक्त ती मुलाची नाही. उलटपक्षी पाचवीच्या बाईंनी फळ्यावर अडीच आणि दोन पूर्णांक पाच दशांश लिहून 'यात मोठं कोण?' एवढं विचारलं, एक मिनिट कुणाला बोलू दिलं नाही, मग शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगितलं, तर कात्री, डिंक, कार्डशीट काही न लागता अख्खा वर्ग कामाला लागतो. म्हणजे आक्षेप पद्धतीवर लागू पडत नाही, तिच्या सोंगावर पडतो. आणि नेमका कुठला प्रश्न, कुठल्या क्षणी, किती वेळ थांबून विचारायचा, ही गोष्ट पडद्यावरच्या मुद्द्यांतून उचलता येत नाही. ती कुणाच्या तरी वर्गात बसून पाहावी लागते, आपल्या वर्गात करून, फसून पाहावी लागते.

दुसरा आक्षेप गर्दीचा. साठ पोरं, दोन शिक्षक, एक खोली गळकी, त्यात कसलं कृतियुक्त? शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलं आहे, पण कायद्यातला शिक्षक निवडणुकीच्या, जनगणनेच्या आणि 'माहिती आजच, तातडीने पाठवा' या कामावर जात नाही, खरा जातो. तरीही हा आक्षेप मला उलट्या बाजूने पटतो. चार इयत्ता आणि दोन शिक्षक असलेल्या शाळेत शिक्षकाला व्याख्यान परवडतच नाही. तिसरीला समजावून सांगायचं तर पहिलीला, दुसरीला आणि चौथीला आपापलं काहीतरी करता आलं पाहिजे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने खेड्यातल्या अशाच बहुवर्ग शाळांसाठी पायरीपायरीची कार्डं तयार केली, म्हणजे मूल एक कार्ड संपवून स्वतः पुढचं उचलेल. ती कल्पना 2003 पासून चेन्नईच्या महापालिका शाळांनी आणि पुढे तामिळनाडूने राज्यभर उचलली. म्हणजे ही पद्धत वातानुकूलित शाळांच्या चोचल्यांतून आलेली नाही, माणसं कमी पडतात तिथून आली आहे. अभ्यासक्रम पूर्ण होण्याचं म्हणाल, तर तो व्याख्यानाने नेमका कुणाचा पूर्ण होतो? शिक्षकाचा. मुलांचा झाला असता तर पाचवीत दुसरीचा धडा अडखळत वाचणारी पोरं वारंवार पाहण्यांत सापडली नसती.

आणि शेवटी तो ब्रह्मास्त्रासारखा आक्षेप असतोच की 'आम्ही नाही का पाठ करून शिकलो? आमचं काय वाईट झालं?' पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी तोंडपाठ असलेल्या पिढीबद्दल मला मनापासून आदर आहे आणि पाठांतराशी माझं भांडणही नाही. पाढे पाठ असलेलं मूल गुणाकारावर डोकं शिणवत नाही, ते पुढच्या प्रश्नाकडे वळतं. पण हे वाक्य नेहमी तेच लोक म्हणतात ज्यांचं काही वाईट झालं नाही. चौथीनंतर शाळा सोडून गेलेला त्यांचा वर्गमित्र स्नेहसंमेलनाला बोलावलेला नसतो. शिवाय आपण कसे शिकलो याबद्दल माणसाचा अंदाज फार कच्चा असतो. हार्वर्ड विद्यापीठात 2019 मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी उत्तम, ओघवती व्याख्यानं ऐकली. काहींना तोच विषय स्वतः झगडत सोडवायला लावला. चाचणीत दुसऱ्या गटाला जास्त आलं. पण 'तुम्ही किती शिकलात असं वाटतं?' विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांनाच आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. ओघवतं ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः करताना आपल्याला काय येत नाही ते कळतं आणि ते काही सुखाचं नसतं. आपल्या प्रशिक्षणांच्या शेवटी अभिप्रायाचा जो फॉर्म भरून घेतात आणि त्यात 'प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त, मार्गदर्शकांची शैली ओघवती, भोजन उत्तम' असं जे सर्वानुमते येतं, त्याची किंमत किती धरायची हे यावरून ठरवता येईल. भोजनाबद्दलचं मत विश्वसनीय मानायला हरकत नाही.

आता व्यवहाराचा आक्षेप. लाखो शिक्षक आहेत, प्रत्येकाच्या वर्गात जाऊन कोण शिकवणार? म्हणून राज्यस्तरावर काहीजणांना शिकवायचं, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. लहानपणीच्या कानगोष्टींच्या खेळात पहिल्याने 'आंबा पिकतो' म्हटलं की शेवटच्याला 'तांबा विकतो' ऐकू यायचं, तसंच हे, फक्त इथे प्रत्येक पायरीवर मानधन असतं. पुण्यात पाच दिवसांचं असलेलं प्रशिक्षण जिल्ह्यात तीन दिवसांचं होतं, तालुक्यात दोन आणि केंद्रात एका दुपारचं. आणि वेळ कापायची म्हटल्यावर सगळ्यात आधी काय कापलं जातं? प्रात्यक्षिक. व्याख्यान शेवटपर्यंत तगतं. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात याची सरळ तुलना झाली आहे. एका गटातल्या शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटातल्या शिक्षकांच्या वर्गात मार्गदर्शक वरचेवर जाऊन बसले. पाठ आणि साहित्य दोन्हींकडे तेच होतं. दोन वर्षांनी मुलांच्या वाचनातला फायदा दुसऱ्या गटात जवळपास दुप्पट दिसला. अमेरिकेतल्या जॉइस आणि शॉवर्स यांनी तर नुसत्या प्रशिक्षणातलं 5 टक्के आणि वर्गातल्या सोबतीमुळे 95 टक्के वर्गात उतरतं असा अंदाज दिला आहे. हे आकडे पुन्हा जरा जास्तच गोलगरगरीत आहेत, तेव्हा पिरॅमिडला हसून झाल्यावर त्यांच्या आधारे मला फार जोरात बोलता येणार नाही.

आपल्या शेजारीच एक नमुना होऊन गेला. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 मध्ये सरकारने बंद करेपर्यंत तो वाढत वाढत हजारावर शाळांत पोहोचला होता. तिथे प्रशिक्षणाला आलेले शिक्षक तेच प्रयोग करायचे जे पुढे मुलांनी करायचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि खेड्यातले गुरुजी एका टेबलाशी बसून बी रुजायला किती दिवस लागतात यावर वाद घालायचे. दर महिन्याला शिक्षक भेटायचे आणि वर्गात काय फसलं ते सांगायचे. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून असायची. असा कार्यक्रम सरकारी यंत्रणेत तीस वर्षं चालला. तो बंद पडला यावरून अशी कामं अशक्य असतात असं म्हणणाऱ्यांनी तो तीस वर्षं चालला कसा हेही एकदा सांगावं.

नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. तास मोजायचे ठरल्यावर ते मोजण्याचं यंत्रही आलं. ऑनलाइन कोर्समध्ये व्हिडिओ शेवटपर्यंत 'पाहिला' की पुढचा घटक उघडतो. त्यामुळे बालककेंद्री अध्यापनशास्त्रावरचा पस्तीस मिनिटांचा व्हिडिओ ओट्यावर चालू ठेवून पोळ्या होतात, आणि शेवटच्या प्रश्नमंजूषेची उत्तरं व्हॉट्सॲपच्या गटावर आलेली असतात. यात कुणी चोरी करतंय असं मला वाटत नाही. 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणी मिळायला प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला हजेरी लागते. वर्गात काय बदललं हा प्रश्न त्या फॉर्मवर कुठेच नसतो, मग त्याचं उत्तर कोण तयार ठेवील?

यासाठी नवी यंत्रणा उभारा, असंही मी म्हणत नाही. केंद्रप्रमुख आहेत, महिन्याची शिक्षण परिषद आहे, दहा-पंधरा शाळांचं केंद्र आहे. परिषदेची दुपार अहवालवाचनाऐवजी एका शाळेच्या एका वर्गात घालवायची. एका शिक्षकाने खऱ्या मुलांना खरा पाठ शिकवायचा, बाकीच्यांनी मागे बसून मुलांच्या वह्यांत डोकावायचं, आणि नंतर पाऊण तास फक्त मुलांनी काय केलं यावर बोलायचं, शिक्षकाने काय केलं यावर नाही. पुढच्या महिन्यात तोच पाठ दुसऱ्याने सुधारून घ्यायचा. खर्च चहाचा. यावर अधिकाऱ्यांकडून येणारी अडचण मला ठाऊक आहे. अशा दुपारचा फोटो चांगला येत नाही. बॅनर नाही, दीप नाही, मंच नाही, नुसतीच पाठमोरी माणसं बाकांवर वाकलेली. दुसरी अडचण तज्ज्ञ मार्गदर्शकांची. माइक हातात घेण्याआधी पंधरा दिवस जिल्हा परिषदेच्या चौथीला शिकवून दाखवायचं, अशी हरियाणातल्यासारखी अट घातली तर मार्गदर्शकांची यादी अर्ध्यावर येईल. उरलेले कमी बोलतील, आणि त्यांनाही चौथीच्या वर्गात परत जायची घाई असेल, कारण गेल्या वेळी जमलेलं नसेल.